विंडोजच्या शेजारी उबुंटू: इन्स्टॉल करण्याआधी आणि नंतर सोडवायच्या गाठी

टॅलीचा हिशोब, श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइल्स, ऑफिसने बंधनकारक केलेलं एखादं सॉफ्टवेअर, यासाठी विंडोज ठेवावंच लागतं. कोडिंग, सर्व्हरचा अभ्यास किंवा इंजिनिअरिंगची प्रॅक्टिकल्स यासाठी लिनक्स हवं असतं. उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार. दोन लॅपटॉप घेणं प्रत्येकाला परवडत नाही. मग एकाच लॅपटॉपवर दोन्ही टाकायचं ठरतं, यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ लावून सुरुवात होते आणि रात्री अकरा वाजता निळ्या स्क्रीनवर अठ्ठेचाळीस आकडी की मागितली जाते.

माझ्याकडे अशा अवस्थेत लॅपटॉप घेऊन येणाऱ्या मुलामुलींची तक्रार एकच असते: ‘उबुंटूने विंडोज घालवलं.’ जवळजवळ प्रत्येक वेळी विंडोज शाबूत असतं आणि उबुंटूचाही दोष नसतो. इन्स्टॉलरचं प्रत्यक्ष काम साध्या एसएसडीवर अर्ध्या तासात आटोपतं. त्रास होतो तो विंडोजने आणि लॅपटॉपच्या बायॉसने (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) आधीच घालून ठेवलेल्या कुलपांचा. ती कुलपं नीट क्रमाने उघडली आणि प्रत्येक पायरीला मागे फिरायचा रस्ता हातात ठेवला, तर हे काम कुणालाही जमतं.

खालची सगळी कृती विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ एलटीएस (दीर्घकाळ अपडेट्स मिळणारी आवृत्ती) धरून लिहिली आहे. उबुंटूच्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. लिनक्स मिंट २२ हीच आवृत्ती पायाला घेऊन बनलं आहे, त्यामुळे तिथेही थोड्याफार फरकाने हेच लागू पडतं.

पहिलं काम: परतीची सोय

डेटाचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. वनड्राइव्हवर सगळं आहे असं वाटत असेल तर एकदा तपासून बघा. डाउनलोड्समध्ये पडलेले फोटो आणि व्हॉट्सअॅपवरून आलेले कागद तिथे बहुधा नसतात.

दुसरं, विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह. स्टार्ट मेन्यूत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ असं शोधलं की ते साधन सापडतं. त्यासाठी १६ जीबी किंवा मोठा, रिकामा केला तरी चालेल असा पेन ड्राइव्ह लागतो. उबुंटूसाठी दुसरा, किमान ८ जीबीचा, वेगळा ठेवा. दोन्हींवर पट्टी चिकटवून नाव लिहा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त लोकांनी टाळलेली. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडा आणि ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवण्याची सोय) चालू आहे का बघा. प्रो आवृत्तीत हेच बिटलॉकर या नावाने कंट्रोल पॅनेलमध्येही मिळेल. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की हे एन्क्रिप्शन बहुतेक वेळा आपोआप चालू होतं. कुणी वेगळं विचारत नाही. त्यामुळे ‘मी कधीच चालू केलं नाही’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. तपासायलाच हवं.

चालू असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, त्या लॅपटॉपच्या नावासमोरची रिकव्हरी की उघडा आणि ती कागदावर उतरवून घ्या. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे. त्याच लॅपटॉपमध्ये नोटपॅडवर लिहून ठेवली तर नेमकी लागेल तेव्हा ती हाताशी नसेल. लॅपटॉप दुकानदाराने सुरू करून दिला असेल तर की त्याने वापरलेल्या अकाउंटवर असू शकते. ते आधी विचारून घ्या. की मिळाल्याशिवाय पुढची एकही पायरी चढू नका.

की हातात आली की एन्क्रिप्शन बंद करा. पहिल्यांदा करणाऱ्यांना माझा हाच सल्ला आहे, कारण ते चालू असताना उबुंटूचा इन्स्टॉलर विंडोजच्या शेजारी बसायचा सोपा पर्याय देत नाही. बंद होताना पूर्ण ड्राइव्ह उलगडला जातो, त्याला वेळ लागतो. चार्जर लावून ठेवा आणि पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत थांबा.

फास्ट स्टार्टअप बंद करा

विंडोज ‘शट डाउन’ केल्यावर खरोखर पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर साठवला जातो आणि सी ड्राइव्ह अर्धवट उघडा राहतो. मग लिनक्समधून तो ड्राइव्ह उघडायला गेलात की फक्त वाचता येतो किंवा उघडतच नाही. जबरदस्तीने लिहायला गेलात तर फाइल्स खराब व्हायची शक्यता असते.

कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबा आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढा. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर यामुळे विंडोज सुरू व्हायला लागणारा जादा वेळ फारसा जाणवत नाही.

जागा मोकळी करणं

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. उबुंटू २५ जीबीत बसतं, पण काम करायचं असेल तर ८० जीबी तरी द्या. इथे आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो: ८० गुणिले १०२४, म्हणजे ८१९२०.

अडचण अशी येते की ड्राइव्हवर दोनशे जीबी मोकळे दिसत असतात आणि विंडोज मात्र पाच-सात जीबीच कमी करायला तयार होतं. कारण हायबरनेशनची फाइल, पेज फाइल आणि सिस्टम रिस्टोअरच्या प्रती ड्राइव्हच्या मधोमध किंवा शेवटी बसलेल्या असतात आणि चालू विंडोजला त्या हलवता येत नाहीत. त्यामुळे सिस्टम प्रोटेक्शन, पेज फाइल आणि हायबरनेशन तात्पुरतं बंद करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करून बघा. जागा सुटली की पेज फाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन परत चालू करा. हायबरनेशन बंदच राहू दे.

सुटलेली जागा काळ्या पट्टीत ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसेल. तिचं नवं ड्राइव्ह बनवू नका, फॉरमॅट करू नका, आहे तशी ठेवा. त्याच खिडकीत १०० किंवा २६० एमबीचं ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’ आणि एखादं रिकव्हरी पार्टिशन (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) दिसेल. लहान आहेत, कामाचे नाहीत असं समजून काही जण ते उडवतात. ईएफआय पार्टिशन गेलं की विंडोज सुरूच होत नाही. त्या खिडकीचा मोबाइलने फोटो काढून ठेवा, पुढे लागणार आहे.

पेन ड्राइव्ह

उबुंटूची आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण इन्स्टॉलर असलेली एकच फाइल, जवळपास ६ जीबीची आहे. मोबाइल डेटावर उतरवताना मध्येच तुटली तर फाइल पूर्ण दिसते पण आतून खराब असते, आणि मग इन्स्टॉल अर्ध्यात बंद पडतं. ७-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६, म्हणजे फाइल पडताळायचा आकडा, काढता येतो. तो उबुंटूच्या संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे.

आयएसओ पेन ड्राइव्हवर उतरवायला रूफस किंवा बलेना एचर हे सॉफ्टवेअर लागतं. रूफस वापरत असाल तर पार्टिशन स्कीम ‘जीपीटी’, टार्गेट ‘यूईएफआय’. बलेना एचर वापरलंत तर काम झाल्यावर विंडोज ‘हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं विचारू शकतं. ‘कॅन्सल’ म्हणा. विंडोजला लिनक्सची पार्टिशन्स वाचता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

पेन ड्राइव्हवरून सुरू करताना

लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूसाठी डेल आणि लेनोवोवर साधारणपणे एफ१२, एचपीवर एफ९, एसुसवर एस्केप. एसरवर एफ१२ असतं, पण ते बायॉसमध्ये जाऊन आधी चालू करावं लागू शकतं. की दाबायची वेळ साधत नसेल तर विंडोजमधूनच शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. येणाऱ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’मध्ये पेन ड्राइव्ह दिसतो.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टम सुरू होऊ देणारी बायॉसची सोय) बंद करा, असं जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत सांगतात. उबुंटू, मिंट, फेडोरा यांना त्याची गरज नाही, त्यांचा सुरुवातीचा शिम हा भाग मायक्रोसॉफ्टच्या सहीने येतो. चालू ठेवा. एक प्रसंग मात्र माहीत असू द्या. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जुने शिम नाकारले जाऊ लागले आणि अनेकांच्या लॅपटॉपवर ‘शिम एसबॅट डेटा फेल्ड, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश येऊन लिनक्स सुरूच होईना. जुनी आयएसओ वर्षभर जपून ठेवून वापरणाऱ्यांना हे आजही होऊ शकतं. ताजी आयएसओ उतरवून घेतली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

पेन ड्राइव्हच्या मेन्यूत ‘ट्राय ऑर इन्स्टॉल उबुंटू’ निवडा. एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि पडदा काळाच राहिला, तर पॉवर बटण दाबून बंद करा, पुन्हा सुरू करून त्याखालचा ‘सेफ ग्राफिक्स’ पर्याय घ्या.

लगेच इन्स्टॉल करू नका. आधी ‘ट्राय’मध्ये राहून वाय-फाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेसच्या कीज, कॅमेरा हे सगळं तपासा. जे इथे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालेल अशी आशा धरू नका. वाय-फाय दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉपला ते तारेचं नेटवर्क वाटतं आणि बहुधा लगेच चालू होतं. वाय-फायचा ड्रायव्हर उतरवायलाच नेट लागतं, ही कोंडी अशी सुटते.

डिस्कच दिसत नाही

माझ्या भाचीचा नवा लॅपटॉप. वरचं सगळं नीट पार पडलेलं. इन्स्टॉलर उघडला तर यादीत फक्त पेन ड्राइव्ह. ५१२ जीबीची एसएसडी गायब. ‘मामा, डिस्क गेली का?’ असं विचारताना तिचा आवाज कापत होता, कारण आतमध्ये वर्षभराच्या नोट्स होत्या. (बॅकअप होता, म्हणून मी तरी शांत होतो.)

डिस्क कुठेही गेलेली नसते. इंटेलच्या अनेक लॅपटॉपवर साठवणूक इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी या व्यवस्थेमागे ठेवलेली असते आणि ती चालू असली की इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही किंवा ‘आरएसटी बंद करा’ असा संदेश येतो. इथे लोक थेट बायॉसमध्ये जाऊन सेटिंग बदलतात आणि विंडोज उघडायचं बंद होतं. विंडोजला नव्या व्यवस्थेचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड करायची सवय नसते, म्हणून ते कोसळतं. क्रम असा ठेवा:

१. एन्क्रिप्शन बंद झालंय याची पुन्हा खात्री करा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पूर्ण पासवर्ड आठवतोय का बघा. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असं नाही.

२. विंडोजमध्ये ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’ उघडा, ‘बूट’ टॅबमध्ये ‘सेफ बूट’ आणि त्याखाली ‘मिनिमल’वर खूण करा, रीस्टार्ट करा.

३. सुरू होतानाच बायॉसमध्ये शिरा. ‘साटा मोड’ आरएसटी किंवा रेडवरून ‘एएचसीआय’ करा किंवा ‘व्हीएमडी कंट्रोलर’ बंद करा. काही एसर लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. ‘मेन’ टॅबवर असताना कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की दिसतो.

४. सेव्ह करून बाहेर पडा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि लागणारा ड्रायव्हर स्वतः घेईल.

५. ‘सेफ बूट’ची खूण काढा, रीस्टार्ट करा. विंडोज नेहमीसारखं उघडलं की मगच पेन ड्राइव्ह लावा.

विंडोज उघडलं नाहीच, तर बायॉसमधलं सेटिंग पूर्वीसारखं करा. ते पुन्हा उघडतं. भाचीच्या लॅपटॉपवर पाचवी पायरी झाली आणि इन्स्टॉलरच्या यादीत एसएसडी, तिच्यासोबत विंडोजची सगळी पार्टिशन्स दिसायला लागली. ‘ट्राय’मध्ये तुमची डिस्क आधीपासून दिसत असेल आणि इन्स्टॉलरही कुरकुर करत नसेल, तर या वाटेला जाऊच नका.

इन्स्टॉलरमधला तो एक पडदा

भाषा, कीबोर्ड, नेटवर्क हे पटकन होतं. ड्रायव्हर आणि मीडियाच्या अतिरिक्त सॉफ्टवेअरसमोर खूण करा. मग येतो डिस्कचा पडदा. ‘इन्स्टॉल उबुंटू अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर’ हा पर्याय दिसला तर तोच घ्या. ‘इरेझ डिस्क’ म्हणजे विंडोजसकट सगळं पुसणं. कितीही घाई असली तरी या पडद्यावर प्रत्येक शब्द वाचा.

‘अलाँगसाइड’ दिसला नाही तर ‘मॅन्युअल इन्स्टॉलेशन’. आता मघाशी मोबाइलने काढलेला फोटो उघडा. आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका: विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि उबुंटू १००० च्या. त्यामुळे विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसणारी डिस्क इथे ५१२ दिसते आणि तुम्ही सोडलेले ८० जीबी इथे ८५.९ दिसतात. ती मोकळी जागा निवडा, नवं पार्टिशन बनवा, प्रकार ‘ईएक्सटी४’, माउंट पॉइंट म्हणून फक्त एक तिरकी रेघ. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) वेगळं पार्टिशन नको, उबुंटू स्वॅप फाइल स्वतः बनवतं. ईएफआय पार्टिशन आहे तेच वापरलं जातं. त्याच्यासमोर ‘फॉरमॅट’ची खूण नाही ना, एवढं डोळ्यांनी बघा. शेवटच्या पडद्यावर बदलांची यादी येते. त्यात एनटीएफएस, म्हणजे विंडोजचं पार्टिशन फॉरमॅट होणार असं कुठेही लिहिलेलं असता कामा नये.

लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच ‘इन्स्टॉल’ दाबा. पार्टिशनचं काम मध्येच तुटणं हे या प्रक्रियेतलं सगळ्यात वाईट तुटणं आहे.

दहा सेकंदांचा निळा पडदा

अतिरिक्त ड्रायव्हर निवडले आणि सिक्युअर बूट चालू असेल, तर उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘परफॉर्म एमओके मॅनेजमेंट’ येतं आणि दहा सेकंदांत एखादी की दाबली नाही तर निघून जातं. इथे ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, तोच पासवर्ड आणि ‘रीबूट’. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, तरी तो घेतला जात असतो. हा पडदा हुकला तर एनव्हीडिया किंवा ब्रॉडकॉमच्या वाय-फायचा ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि माणूस आठवडाभर ड्रायव्हर काढत-घालत बसतो. हुकलाच तर ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये जाऊन ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. पासवर्ड परत विचारला जाईल.

इन्स्टॉल झालं, पण थेट विंडोजच उघडतंय

बायॉसमधल्या बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर आणि ‘उबुंटू’ खाली असतं. क्रम बदला. विंडोजचं मोठं अपडेट आलं की हा क्रम पुन्हा उलटू शकतो, तेव्हाही हेच करायचं. काही एसर लॅपटॉपवर ‘उबुंटू’ यादीतच येत नाही. तिथे बायॉसला सुपरवायझर पासवर्ड लावून, ‘सिलेक्ट अ यूईएफआय फाइल अॅज ट्रस्टेड’मधून उबुंटूच्या फोल्डरमधली शिमची फाइल निवडावी लागते. तो पासवर्ड रिकव्हरी कीच्या कागदावरच लिहून ठेवा.

उलटं झालं, म्हणजे ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना कुठली सिस्टम उघडायची ते विचारणारा उबुंटूचा प्रोग्रॅम) मेन्यूत विंडोज दिसलंच नाही, तरी विंडोज जागेवर असतं. ग्रब २.०६ पासून इतर सिस्टम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मूळात बंद ठेवलेला आहे. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो बंद ठेवणारी ओळ ‘फॉल्स’ करून ग्रब अपडेट केला की विंडोज दिसतं. तोवर बूट मेन्यूची की दाबून विंडोज उघडत राहा.

एन्क्रिप्शन पुन्हा चालू करणार असाल, आणि लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याने ते करावं असं माझं मत आहे, तर नंतर विंडोज ग्रबमधून न उघडता बूट मेन्यूतूनच उघडा. नाहीतर ती ४८ आकडी की वारंवार मागितली जाऊ शकते.

घड्याळ साडेपाच तास मागे

लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. चुकीच्या वेळेमुळे काही संकेतस्थळं उघडायलाही कुरकुर करतात. उबुंटूच्या ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेतल्या ‘सेट-लोकल-आरटीसी’ या पर्यायाला १ द्या. दोघांचं जमतं.

मराठीसाठी सेटिंग्जमधल्या ‘कीबोर्ड’मध्ये नवा इनपुट सोर्स म्हणून मराठी जोडा. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार, दोन्ही मांडण्या मिळतात. युनिकोड मजकूर दोन्हीकडे सारखाच दिसतो. श्रीलिपीच्या जुन्या फाइल्ससाठी मात्र विंडोजमध्येच जावं लागेल.

पुढे उबुंटू काढायचं झालं तर

थेट पार्टिशन उडवू नका. आधी बायॉसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणा आणि विंडोज उघडतंय हे बघा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये फक्त उबुंटूचं पार्टिशन डिलीट करा. ते ओळखायला आकार बघा. ड्राइव्हचं अक्षर नाही एवढ्यावरच जाऊ नका, कारण रिकव्हरी पार्टिशनलाही अक्षर नसतं. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला लगेच उजवीकडे लागून असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने परत जोडता येते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलं असेल तर ‘एक्स्टेंड’ फिकट दिसेल. तेव्हा त्या जागेचं वेगळं डी ड्राइव्ह करा आणि रिकव्हरीला हात लावू नका.